हात आखडता असताना सराफा: इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीचं परीक्षण

सराफ्यातलं खाणं चांगलं असतं हे इंदूरकरांना कुणी नव्याने सांगायला नको. पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की त्यांना दुसऱ्याच रात्री तिथे नेलं जातं आणि त्या रात्री कुणी खर्चाचा हिशेब करत नाही. इथे विचार केलाय तो वेगळ्या रात्रीचा. पगाराला आठवडा आहे, घराचा हप्ता नुकताच गेलाय, आणि ग्रुपवर कुणीतरी लिहितं, "भेटायचं का रे शुक्रवारी?" नाही म्हटलं तर मैत्री हळूहळू सुटते, हो म्हटलं तर बजेट कोलमडतं. अशा वेळी सराफा किती उपयोगाचा?

पुष्कळ उपयोगाचा. मात्र तिथले भाव फार कमी आहेत असं नाही. एका प्लेटला साधारण ५० ते १०० रुपये धरून चला. एकेकट्याने चार पदार्थ खाल्ले तर एखाद्या बऱ्या भोजनालयातल्या थाळीइतके पैसे सहज जातात. सराफा स्वस्त पडतो तो त्याच्या वेळेमुळे आणि तिथे टेबलं नाहीत म्हणून.

वेळ अशी, की दिवसा ही सोन्याचांदीची पेठ. दागिन्यांच्या दुकानांची शटरं पडली की त्याच ओट्यांवर आणि त्यांच्या पुढ्यात ठेले लागायला लागतात. साधारण नऊनंतर हालचाल सुरू होते, दहाला बाजार भरतो आणि मध्यरात्र उलटून गेली तरी चालू असतो. (रात्री गल्लीत वर्दळ राहिली तर दुकानं सुरक्षित राहतील म्हणून सराफांनीच खाणंवाल्यांना जागा दिली, असं जुने लोक सांगतात. आता मात्र गॅसच्या टाक्यांवरून त्याच व्यापाऱ्यांनी हरकती घेतल्या आहेत.) म्हणजे सगळे घरून वरणभात, पोळीभाजी खाऊन येतात. कुणी कुणाला जेवू घालायचं नसतं. संध्याकाळी सातला किंवा आठला कुठेही भेटलं की त्यात चौघांचं जेवण आपोआप येतं, आणि चौघांचं जेवण म्हटलं की हजाराच्या खाली काही होत नाही. सराफ्यात फक्त चव घ्यायची असते, पोट भरायचं काम घरी झालेलं असतं.

दुसरी गोष्ट टेबलाची. टेबलच नाही, त्यामुळे शेवटी येणारं एकत्र बिलही नाही. हॉटेलात बसलं की पाण्याच्या बाटलीपासून पाच टक्के जीएसटीपर्यंत सगळं एका कागदावर येतं. वर सेवाशुल्क लावलेलं असेल तर ते काढून मागायचं धाडस चार लोकांत होत नाही. ते आपोआप लावता येत नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय, तरीसुद्धा. इथे प्रत्येक प्लेटचा व्यवहार जागच्या जागी मिटतो. ज्याला साठ रुपयेच खर्च करायचेत तो आणि ज्याला सहाशे करायचेत तो एकाच ठेल्यापुढे उभे राहतात, आणि कोण किती खातंय याकडे कुणाचं लक्ष जात नाही. वेगवेगळ्या कमाईच्या मित्रमंडळींसाठी शहरात याहून सोयीची जागा नाही.

आता पैशांचं. 'टीटीएमएम' इथे चालत नाही. तुझं तू माझं मी केलं तर प्रत्येकजण आपापली अख्खी प्लेट घेतो, तिसऱ्या ठेल्यावर पोट भरतं आणि खर्च तिप्पट होतो. सराफ्यातल्या प्लेटी वाटून खाण्यासाठीच आहेत. त्यामुळे आधी सामाईक पैसे काढा. राजवाड्यासमोर भेटल्याबरोबर प्रत्येकाने शंभर रुपये एकाच्या खात्यावर पाठवायचे, आणि पुढे रात्रभर त्या एकानेच द्यायचे. हे गल्लीत शिरण्याआधी उरकायचं. आत गर्दीत नेटवर्क अडकतं, पैसे गेले की नाही हे पाहत ठेल्यापुढे थांबावं लागतं आणि मागची रांग कुरकुरते. थोडे सुटे जवळ असावेत. चारशे संपले की खाणं संपलं, हे आधी ठरलेलं असलं की 'अजून एक घेऊ या' म्हणणाऱ्याला नाही म्हणताना कुणी वाईट ठरत नाही. सामाईक पैशांचा एक फायदा असा, की ज्याचा हात खरोखर आखडता आहे त्याला प्रत्येक ठेल्यावर 'मला नको' म्हणत बसावं लागत नाही. आणि ज्याच्या हाती पैसे, त्याला जरा सांभाळून घ्या. चार भुकेल्या माणसांना आवरायचं म्हणजे वहिनींनी लग्नाच्या पंगतीत वाढण्यासारखं आहे.

भेटायची जागा नक्की करा. 'सराफ्यात भेटू' म्हणून भागत नाही, आत फोन ऐकू येत नाही. राजवाड्यासमोरच्या बागेतला अहिल्याबाईंचा पुतळा ही सोपी खूण. तिथून गल्ली चालत चार-पाच मिनिटांवर. दुचाकी गल्लीच्या तोंडापर्यंत नेण्याचा मोह टाळा, राजवाड्याच्या आसपास लावून चालत या. निघताना गाडी काढण्यात अर्धा तास जाणार नाही.

घरून प्रत्येकाने पाण्याची बाटली आणावी. ही कंजुषी वाटेल, पण हिशेब करा: वीस-वीसच्या चार बाटल्या म्हणजे ऐंशी रुपये, म्हणजेच एक अख्खी प्लेट. तिखट, तेलकट आणि गोड आलटून पालटून खाताना तहान लागतेच.

चौघांसाठी चारशेत काय बसतं? चार ते आठ प्लेटी, भावाप्रमाणे. क्रम असा धरावा: आधी गरम तळलेलं, मग भुट्ट्याचा (मक्याचा) कीस, मग दहीवडा, शेवटी गोड. गोडाने सुरुवात केली की जीभ मंद होते आणि पुढचं तिखटमीठ सपक लागतं. शिकंजीने सुरुवात तर मुळीच नको. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे. आटवलेलं दूध, थोडा आंबटपणा, केशर, जायफळ, सुकामेवा असं दाट प्रकरण असतं. एक ग्लास दोघांत पुरतो, आणि एकट्याने संपवला तर त्याची रात्र तिथेच संपली.

तळलेल्यात पहिली खोपरा पॅटिस. बाहेर उकडलेल्या बटाट्याचं आवरण, आत ओल्या नारळाचं गोडसर-तिखट सारण. सारणात किती नारळ आणि किती बटाटा यावर दुकानाची पारख होते. विजय चाटचं नाव यासाठी घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. एक पॅटिस दोघांत बरोबर अर्धी होते, कारण तोडली की सारण सांडत नाही. चटण्या वरून ओतून घेऊ नका, बाजूला मागा. ओतलेल्या चटणीत दोन मिनिटांत आवरण भिजतं आणि दुसऱ्या माणसाच्या वाट्याला लगदा येतो.

थंडीत पॅटिसऐवजी गराडू. हा माळव्याचा कंद, नोव्हेंबरपासून थंडी संपेपर्यंतच चांगला मिळतो. आधी अर्धवट शिजवून किंवा मंद आचेवर तळून ठेवलेल्या फोडी मागणी आली की पुन्हा कडक तेलात सोडतात, वर जिरावण (चटपटीत इंदुरी मसाला) आणि लिंबू. वरून कुरकुरीत, आत मऊ आणि थोडा चिकट लागला तर दुसरी तळणी नीट झाली. इथे फसगत ठरलेली: गर्दीच्या वेळी काही ठिकाणी आधीच दोनदा तळून ढीग रचलेला असतो आणि त्यातल्याच फोडींवर मसाला पडतो. गराडू निवला की टणक होतो, मग जिरावणही त्याला वाचवू शकत नाही. म्हणून मागताना "भिया, अभी का तला दो" म्हणायचं आणि कढईकडे नजर ठेवायची. इंदुरात 'भिया' म्हटलं की निम्मं काम होतं. मराठी सुरात 'अहो दादा' म्हटलंत तर तेही समजतात, पण प्लेट थोडी उशिरा येते असा आमचा संशय आहे.

आता भुट्ट्याचा कीस. सराफ्याची खरी परीक्षा तोच. कोवळ्या मक्याचे दाणे किसून तुपात परततात, दूध घालून आटवतात, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू, जिरावण. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, देशी कणीस कोवळं आणि दुधाळ असतं तेव्हा याला तोड नाही. इतर महिन्यांत बहुतेक ठिकाणी गोड मक्याचा कीस मिळतो. तो वाईट नसतो, पण गोडसर आणि जरा पाणचट लागतो, त्या पैशांत दुसरं काही घेतलेलं बरं. ओळखायचं कसं? पसरट कढईत कीस कडेने तूप सोडत असेल आणि उलथन्याने ढकलल्यावर गोळ्यागोळ्यांनी सरकत असेल तर घ्या. पळीतून ओघळत असेल तर पुढे चला. द्रोण भरून मिळतो, तुपामुळे जड असतो, चौघांना दोन द्रोण पुष्कळ.

दहीवडा जोशींचाच का, हे त्यांच्या ठेल्यापुढे पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. वडा चुरून त्यावर दही घालतात, द्रोण हवेत उंच भिरकावून झेलतात आणि एक थेंबही बाहेर पडत नाही. तमाशा म्हणून हे सगळ्यांना माहीत आहे. पुढची गोष्ट जास्त बघण्यासारखी. पाच बोटांच्या एकाच चिमटीत वेगवेगळे मसाले उचलतात आणि एकेका बोटातून एकेक मसाला दह्यावर वेगळा सोडतात: मीठ इथे, तिखट तिथे, जिरं पलीकडे. त्यामुळे प्रत्येक घासाला चव बदलते. म्हणूनच वाटून खाताना द्रोण ढवळू नका. ढवळला की सगळं एकजीव होतं आणि जे कौशल्य पाहायला रांगेत उभे राहिलात तेच हरवतं. चौघांत दोन द्रोण, प्रत्येकी दोन-तीन चमचे. दही गोडसर असतं. आंबट दह्याची सवय असलेल्या मराठी जिभेला पहिल्यांदा थोडं चुकल्यासारखं वाटेल.

साबुदाण्याची खिचडी हा मराठी माणसांत हमखास वादाचा विषय. इथली खिचडी घरच्यासारखी दाण्याच्या कुटात परतलेली नसते. भिजवलेला साबुदाणा वाफेवर ठेवलेल्या मोठ्या भांड्यात मोकळा फुलवून ठेवतात, मागणी आली की त्यात मसाला, बटाटा, कोथिंबीर, लिंबू आणि वर मूठभर फराळी मिक्स्चर. तेल कमी, कुरकुर जास्त. 'ही काय खिचडी?' म्हणणाऱ्या काकू दोन घासांनंतर गप्प होतात असं दिसतं. पैशांच्या दृष्टीने सराफ्यातली ही सर्वांत किफायतशीर प्लेट. एखादा जण न जेवता आलाच असेल तर त्याच्यासाठी हीच घ्या. दोन पॅटिसींपेक्षा हिने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

गोडात जलेबा. आपल्या जिलबीच्या कितीतरी पट मोठं कडं, एकेक पाव किलोचं किंवा त्याहूनही जड. इथे एक गोष्ट कटाक्षाने: वजनाचा भाव आधी विचारा आणि वजन डोळ्यांसमोर करून घ्या. नग मागितला की जे कडं हाताला येईल ते मिळतं, आणि पैसे वजनाप्रमाणे द्यावे लागतात. "पाव भर दे दो" म्हटलं की मोडून देतात. चौघांना पाव किलो भरपूर होतं, सोबत शंभर ग्रॅम रबडी. जलेबा मोडताना आतून पाक ओघळला तर ताजा. कडक मोडला आणि पाक बाहेरच गोठलेला असला तर उरलेला. मालपुवा चांगला असतो, पण तो आणि जलेबा दोन्ही घेणं म्हणजे चारशेच्या ताळेबंदातली शेवटची शिल्लक उडवणं. थंडीत मूगडाळीचा हलवा दिसला तर जलेब्याऐवजी तो. तुपामुळे दोन चमचेही पुरतात.

काय टाळावं? मोमो, नूडल्स, पिझ्झा, डोसा. हे सगळं गावभर मिळतं, सराफ्यात येऊन ते खाणं म्हणजे निव्वळ पैशांची नासाडी. पेटता पान आणि सोनेरी वर्ख लावलेले पदार्थ हे मोबाईलसाठी बनवलेले आहेत. व्हिडिओ दुसऱ्याने खाताना काढला तरी तितकाच चांगला येतो. अंगावर दागिने घालून कुल्फी विकणारा दिसला तर बघायला पैसे पडत नाहीत. कुल्फी हवी असेल तर घ्या, पण ती शेवटच्या गोडाऐवजी, वर आणखी म्हणून नव्हे.

तेलाकडे मात्र लक्ष असू द्या. कढईतल्या तेलावर जाड फेस येत असेल, रंग काळपट असेल आणि वास घशाला लागत असेल तर तिथलं काहीही घेऊ नका, किती का नाव असेना. बाजार उशिरापर्यंत चालतो आणि कढया तितकाच वेळ तापत राहतात, त्यामुळे दहा ते अकराच्या दरम्यान खाल्लेलं मध्यरात्रीनंतरपेक्षा चांगलं.

शनिवार-रविवार टाळा, ही सगळ्यांत महत्त्वाची सूचना. त्या दोन रात्री माणूस माणसाला चिकटून पुढे सरकतो. बोलणं अशक्य होतं, आणि बोलायलाच तर आपण आलो. रांगा लांबल्या की प्रत्येकजण जिथे जागा मिळेल तिथे काहीतरी घेत सुटतो, आणि त्यातच खर्च वाढतो. मंगळवार, बुधवार उत्तम. सणासुदीच्या आधीच्या रात्रीही जरा बेतानेच. रंगपंचमीला तर राजवाडा परिसर गेरने, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीने, भरलेला असतो. त्या दिवशी या भागात यायचं ते गेरसाठीच, खाण्यासाठी नव्हे.

उणिवाही सांगायला हव्यात. बसायला जागा जवळपास नाही. ओट्याची कडा मिळाली तर नशीब. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना घेऊन यायचं तर एक तासाच्या वर थांबू नये. स्वच्छतागृहाचं काम घरूनच उरकून यावं. पाऊस आला की आडोसा अपुरा पडतो आणि चिखलात उभं राहून दही खाण्यात मजा नाही. नेमका कीस मात्र पावसाळ्यातच चांगला, म्हणून आभाळ मोकळं असलेली रात्र साधावी लागते. मधुमेही माणसांना इथे मन मारावं लागतं. मांसाहारी पदार्थ नाहीत, त्यामुळे ग्रुपमध्ये कुणाला ते हवं असेल तर तो रुसणार. स्वच्छतेबाबत तक्रार करायला फार जागा नाही. २०१७ पासून हे शहर देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात अव्वल राहिलंय आणि त्याचा दाब इथेही दिसतो. द्रोण कचरापेटीत टाका. बाजूला टाकलात तर ठेलेवालाच आधी हटकेल.

छप्पन दुकानशी तुलना होणारच. न्यू पलासियातली ही दुकानांची रांग आता पायी फिरण्यापुरती मोकळी केली आहे, बसायला बाक आहेत, दिवे आहेत, दिवसाही उघडी असते. जॉनीचं हॉट डॉग इथलं. अंड्याचा बेंजो (बनमधलं ऑम्लेट) खाणाऱ्यांची सोयही इथेच. म्हातारी माणसं, लहान मुलं, वसतिगृहाचं फाटक लवकर बंद होणाऱ्या मुली, यांच्यासाठी छप्पनच बरं. पण पैसे वाचवण्याच्या हिशेबात ते सराफ्याच्या मागे पडतं, आणि कारण पुन्हा वेळेचंच. छप्पनला लोक संध्याकाळी सातला, भुकेच्या वेळी जातात. भूक लागलेली असताना आणि बाकावर ऐसपैस बसलेलं असताना माणूस खातच जातो. तिथे जायचंच तर चहाच्या वेळी, साडेचार-पाचला जा. घरी जेवण व्हायचंय हे डोक्यात असतं.

आणि विजयनगरकडची कॅफे? एका कॉफीच्या किमतीत सराफ्यातल्या दोन प्लेटी येतात. दोघांनाच निवांत बोलायचं असेल, नोकरीविषयी काही गंभीर असेल, तर तिथली खुर्ची आणि शांतता विकत घेण्यासारखी आहे. चौघांच्या गप्पांसाठी नाही.

याहूनही कमी पैशांत भेटायचं तर सकाळी भेटा. रविवारी सात ते नऊ, पोहे-जिलबी. इंदुरी पोहे कांदेपोह्यांसारखे कढईत परतून ठेवलेले नसतात. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मोठं भांडं ठेवून वाफेवर गरम राखतात, त्यामुळे ते मऊ राहतात आणि तेल नावापुरतं लागतं. बडीशेपेची चव असते, किंचित साखर, वर शेव, कच्चा कांदा, जिरावण, कधी डाळिंबाचे दाणे. सराफ्यातल्या एका प्लेटच्या पैशांत साधारण दोघांचे पोहे होतात. उसळ-पोहे खाणाऱ्यांनी आधी तर्री किती तिखट आहे ते विचारावं, काही ठिकाणी ती खरोखर झोंबते. प्रशांतचे उसळ-पोहे यासाठी नावाजलेले. नऊनंतर गेलात तर खालचे पोहे वाफेने गिळगिळीत झालेले मिळतात. त्यामुळे उशिरा उठणाऱ्या मंडळींसोबत हा बेत आखू नका. आणखी एक, पोहे खाऊन झाले की लोक उठतात. सकाळच्या भेटीला आपोआप शेवट असतो, रात्रीच्या भेटीला तो ठरवावा लागतो.

भिशीवाल्या काकूंना किंवा वर्षभरात एकदा तरी सगळ्यांना घरी बोलवायलाच हवं असं वाटणाऱ्यांना, सराफ्याचा कीस घरी करणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, पावसाळ्यात. सहा जणांना मध्यम आकाराची सहा कोवळी देशी कणसं घ्या. नख रोवलं की दूध आलं पाहिजे. नख रुतत नसेल तर कणीस जून झालंय, कीस चिवट होणार. किसणीवरच किसा. दाणे सोलून मिक्सरला लावले तर सालं बारीक होऊन सगळ्याचा लगदा होतो. तीन मोठे चमचे तूप, मोहरी, हिंग, तीन-चार हिरव्या मिरच्या वाटून. त्यात कीस घालून मध्यमच्या खाली आच ठेवून बारा ते पंधरा मिनिटं परता, रंग थोडा गडद होऊन कडेने तूप दिसेपर्यंत. इथेच बहुतेकांचं चुकतं: कीस खाली लागतोय म्हणून घाईने दूध ओततात. कच्च्या किसात दूध पडलं की मक्याचं पीठ एकदम फुगतं आणि कीस खळीसारखा होतो, नंतर कितीही परता, तो सुटा होत नाही. परतून झाल्यावर दीड वाटी दूध, तेही तीन वेळा थोडं थोडं, प्रत्येक वेळी आटू देत. मीठ, चमचाभर साखर. लिंबू आच बंद केल्यावर, आधी पिळलं तर दूध फाटतं. गोड मक्याचा करायचाच असेल तर दूध अर्ध्या वाटीवर आणा आणि साखर घालूच नका. जाड बुडाची कढई हवी. पातळ भांड्यात तळ करपतो आणि करपल्याचा वास साऱ्या किसाला लागतो.

घरी बोलावलं की लोक काहीतरी घेऊन येतात, आणि मग मिठाईचे चार डबे जमतात. आधीच सांगून टाका: एकाने शेव, एकाने जिलबी, एकाने ताक. वाईट वाटत नाही, उलट काय न्यावं या विचारातून ते सुटतात.

सराफ्याकडे परत येताना शेवटचा मुद्दा, ज्यावर सगळा हिशेब फसू शकतो: परतीचा प्रवास. जाताना शहर बसने किंवा ई-रिक्षाने राजवाड्यापर्यंत स्वस्तात पोहोचता येतं. बारा वाजता त्या बस नसतात. रिक्षावाला मागेल तो आकडा, किंवा ॲपवर रात्रीचा वाढीव भाव. राजेंद्रनगर, सुदामानगर किंवा विजयनगरला एकट्याने परतायचं तर खाण्यावर जितके गेले तितकेच रिक्षावर जातात. म्हणून भेट ठरवतानाच कोण कुठल्या दिशेला जाणार ते पाहा. पश्चिमेकडचे एका रिक्षात, पूर्वेकडचे दुसऱ्या. दुचाकीवाल्यांनी कुणाला सोडायचं हेही तेव्हाच ठरवा, मध्यरात्री गल्लीच्या तोंडाशी उभं राहून नव्हे. आणि साडेअकराला काढता पाय घ्या. त्या वेळी निदान घासाघीस करायला रिक्षा भरपूर असतात. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी न धरता राजवाड्यापलीकडे थोडं चालत जाऊन धरली तर भावही उतरतो.